ताईच्या दारातलं मॅनहोल

मिस्त्रीने बसवलेलं झाकण वाजत नाही. त्यावरून ट्रक न्या, रोड रोलर न्या, शाळा सुटल्यावर चारशे पोरं त्यावर नाचवा, झाकण हूं की चूं करणार नाही. गेल्या एकतीस वर्षांत त्याने शहरभर अशी चारशेच्या वर झाकणं बसवली, आणि आजही रस्त्याने जाताना स्वतःचं झाकण दिसलं की त्यावर टाच मारल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. बायको बरोबर असली की ती चार पावलं पुढे चालते. टाच मारून झाल्यावर तो तिच्याकडे अशा नजरेने बघतो, जणू आता तिने टाळ्या वाजवायच्या.

मॅनहोल बांधणं हे काम कुणी हौसेने धरत नाही. मिस्त्रीनेही धरलं नव्हतं. त्याला घरं बांधायची होती. पण पहिल्याच मुकादमाने त्याला गटाराच्या खड्ड्यात उतरवलं, आणि वर यायला त्याला एकतीस वर्षं लागली. लोक विचारतात, वास नाही का हो येत? यावर त्याचं उत्तर ठरलेलं. "घाण तुमची, नाक माझं, आणि तोंड वाकडं करताय तुम्ही? वा रे वा!"

अशा या माणसाला शहरात सगळे ओळखतात, सगळे त्याच्याशी बोलतात. बोलत नाही ती फक्त त्याची सख्खी थोरली बहीण. अकरा वर्षं झाली.

आता ही ताई म्हणजे काय प्रकरण आहे ते आधी सांगायला हवं. मिस्त्रीपेक्षा ती अकरा वर्षांनी मोठी. आई दवाखान्यात झाडलोट करायची, दिवसपाळी-रात्रपाळी, म्हणून मिस्त्रीला वाढवलं ते ताईनेच. त्याला अंघोळ घातली, शाळेत फरफटत नेलं, त्याच्यासाठी गल्लीतल्या दोन पोरांची डोकी फोडली, आणि घरी आल्यावर त्यालाही धुतला. आज तो सत्तावन्न वर्षांचा आहे, पोट शर्टाच्या बाहेर डोकावतं, पण तिच्या लेखी तो बारक्या. होता म्हणजे. बोलायची तेव्हा.

भांडणाचं कारण ऐकाल तर हसाल, पण त्या दोघांसमोर हसू नका. ताईची सासू भलती खमकी. तिची दातांची कवळी एक दिवस नाहीशी झाली. सासूने घर डोक्यावर घेतलं. ताई म्हणाली, मांजराने नेली असेल. आता मांजर कवळी कशाला नेईल, पण तिने हे इतक्या गंभीर चेहऱ्याने सांगितलं, की गल्लीतल्या बायका आठवडाभर मांजराकडे संशयाने बघत होत्या. दोन महिन्यांनी ताईच्या घराचं ड्रेनेज तुंबलं. तिने अर्थातच भावाला बोलावलं. मिस्त्रीने घराबाहेरच्या चेंबरमध्ये हात घातला, कोपरापर्यंत घातला, आणि काहीतरी कडक लागलं ते ओढून काढलं. मग या शहाण्याने काय करावं? ती कवळी उंच धरून, अख्खी गल्ली गोळा झालेली असताना, मोठ्या आनंदाने ओरडला, "ताई, सापडली गं सासूबाईंची कवळी! तुझ्याच संडासातून आली!"

सासूबाई खिडकीत उभ्या होत्या.

मांजर सुटलं आणि ताई अडकली. चुकून पडली की टाकली हे आजपर्यंत कुणाला कळलेलं नाही, आणि विचारायची कुणाची छाती नाही. सासूबाईंनी ती कवळी उकळून घेतली आणि पुढची तीन वर्षं तोंडात घालून ताईला एकेक शब्द चावून-चावून ऐकवला. त्या दिवसापासून ताईने भावाशी बोलणं टाकलं. पुढे सासूबाई गेल्या, नवरा गेला, मुलगी लग्न होऊन दूर गेली, ताई घरात एकटी उरली, तरी नाही. काही सांगायचं असलं तर मिस्त्रीच्या बायकोला सांगायची. "तुझ्या नवऱ्याला म्हणावं, खोकला झालाय तर डोक्याला बांध काहीतरी." मिस्त्री समोरच उभा असायचा.

त्याला ते लागायचं. हसण्यावारी न्यायचा, पण लागायचं. बायकोला एकदा म्हणाला होता, "चारशे मॅनहोल बांधली गं, एक गोष्ट उपसता येत नाही मला."

आणि एक दिवस पालिकेच्या इंजिनियर मॅडमनी नकाशा पसरला आणि पेन्सिलीने त्यावर एक गोल काढला. गल्लीतल्या जुन्या लाइनवर दोन मॅनहोल, आणि दोन्हींच्या मध्ये इतकं अंतर की तुंबलं की कुठल्याही टोकाने सळई घाला, मधोमध पोचतच नाही. तेव्हा मध्ये एक नवीन मॅनहोल हवं. चालू लाइनवर. पेन्सिलीचा गोल बरोबर ताईच्या दारात, पायरीपासून तीन पावलांवर.

"मॅडम, जरा सहा फूट इकडे घेतलं तर?" मिस्त्रीने विचारलं.

"तिकडे पिण्याच्या पाण्याची लाइन आहे."

"मग तिकडे?"

"तिकडे विजेची केबल. का, इथे काय प्रॉब्लेम आहे?"

"इथे माझी बहीण राहते."

"अरे वा, मग तर बरंच झालं की!" मॅडम म्हणाल्या. मॅडम नवीन होत्या.

मॅडमचं दुसरं म्हणणं असं, की आधी वरच्या बाजूने पाणी अडवायचं, पाइप कापून काढायचा आणि मग आरामात मॅनहोल बांधायचं. मिस्त्रीने कपाळाला हात लावला. "मॅडम, गल्लीत सत्तर घरं. सत्तर घरांना चार दिवस दाबून धरा म्हणून तुम्ही सांगणार का मी सांगू?" मग त्याने आपली पद्धत समजावली. पाइप जसा आहे तसा वाहू द्यायचा. त्याच्या भोवती खणायचं, त्याच्या पोटाखालून काँक्रीट भरायचं, आणि वरून सिमेंटची मोठी रिंग सोडायची, जिला खालच्या अंगाला दोन बाजूंना खाचा आहेत. घोड्यावर मांडी टाकावी तशी ती पाइपावर बसते. फटी भरायच्या, आत तळ बांधायचा, सगळं सुकू द्यायचं. आणि सगळ्यात शेवटी, आत उतरून पाइपाची फक्त वरची अर्धी बाजू कापून उचलायची. खालची अर्धी तिथेच राहते, पन्हाळीसारखी, आणि पाणी आपलं वाहतंय. पाण्याला कळतही नाही की आपल्या डोक्यावरचं छप्पर गेलं.

मॅडमनी वहीत लिहून घेतलं. पोरगी हुशार होती, नवीन असली तरी.

काम सुरू झालं. मिस्त्रीचा जोडीदार म्हणजे रेडिओ. खरं नाव मस्टरवर असेल, पण वीस वर्षांत तो एकदाही बंद पडलेला नाही म्हणून रेडिओ. खड्डा दोन पुरुष खोल. माती धसू नये म्हणून बाजूंना फळ्या आणि टेकू. दुसऱ्या दिवशी दुपारी जुना पाइप उघडा पडला, भाजक्या मातीचा, तपकिरी, अजून गुळगुळीत. मिस्त्रीने त्यावर तळवा ठेवला आणि डोळे मिटले.

ही त्याची जुनी खोड. चालू पाइपावर हात ठेवला की त्याला गल्ली ऐकू येते म्हणे. सकाळी सहा ते नऊ पाइप गरम, कारण अंघोळी. मग भांडी. मग शांत. कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाचं पोट बिघडलंय, सगळं त्याला तळव्यातून कळतं, आणि नको तितकं कळतं. रेडिओ म्हणायचा, "याच्याइतकी गल्लीची माहिती पोलिसांकडे नाही."

अडीच वाजले आणि पाइप थरथरला. एक मोठा लोंढा. मग खंड. मग दुसरा. असे बरोबर सहा. मिस्त्रीने डोळे उघडले.

"ताई," तो म्हणाला.

"कुठे?" रेडिओने घाबरून वर पाहिलं.

"कपडे धुतेय. सहा बादल्या. तीन पाण्यांतून काढल्याशिवाय तिचं समाधान होत नाही. मी चौथीत होतो तेव्हापासून अडीच वाजता. आई गेली ना, त्या दिवशीसुद्धा माणसं पांगल्यावर हिने आधी टब ओढला आणि कपडे धुतले. अडीच वाजले होते म्हणून."

तिसऱ्या आणि चौथ्या दिवशीही अडीचला सहा लोंढे आले. खिडकीचा पडदा मात्र सरकला नाही. मिस्त्री खड्ड्यातून मुद्दाम मोठ्याने खोकला. पडदा ढिम्म. संध्याकाळी बायकोकडे निरोप आला, "तुझ्या नवऱ्याला म्हणावं, माझ्या पायरीवर सिमेंट सांडलंय."

काँक्रीट पक्कं व्हायला आठवडा दिला. मग कापायचा दिवस ठरला. जेवणाची भांडी दोनपर्यंत होतात, आणि साडेतीनला शाळेतली पोरं घरी येऊन संडासाकडे धावतात. म्हणजे दोन ते साडेतीन. तेवढ्या वेळात गल्लीने पाणी सोडायचं नाही, कारण कापताना आत माणूस असणार, आणि वरून लोंढा आला तर मशीन आणि मिस्त्री दोन्ही न्हाणार. आदल्या दिवशी रेडिओ सत्तर घरं फिरून आला. एकोणसत्तर घरं हो म्हणाली.

"आणि ताई?"

"दार अर्धं उघडलं. म्हणाल्या, माझे कपडे अडीचला धुतले जातात. जगबुडी आली तरी. सांग त्याला. आणि धाडकन दार लावलं."

मिस्त्री म्हणाला, "ठीक आहे. तिच्या सहा बादल्या जाऊ देत, मग कापू. पावणेतीनला सुरू केलं तरी पुरतं." पण बोलताना त्याचं तोंड उतरलं. एकोणसत्तर परकी घरं हो म्हणतात आणि सख्खी बहीण नाही म्हणते, याचं त्याला वाईट वाटलं. त्याने ते कुणाला सांगितलं नाही, नुसताच छिन्नीला धार लावत बसला.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता सगळी तयारी झाली. मॅडमनी गॅस मोजायचं यंत्र दोरीने खाली सोडून पाहिलं, मिस्त्रीच्या कमरेला पट्टा बांधला, रेडिओने दोर धरला. मिस्त्री खाली उतरला आणि पाइपाजवळ उकिडवा बसून तळवा टेकून वाट बघू लागला.

अडीच वाजले. काही नाही.

दोन पस्तीस. नुसती बारीक धार, गल्लीच्या वरच्या टोकाला कुणाचा तरी नळ गळत असेल तेवढी.

दोन चाळीस झाले तरी पाइप थंड.

"मिस्त्री, उत्तम आहे!" वरून मॅडम ओरडल्या. "लाइन कोरडी आहे. कापा!"

"ऐकलं वाटतं ताईंनी," रेडिओ म्हणाला. "बघ, शेवटी रक्ताचं नातं म्हणतात ते..."

"गप रे!" मिस्त्री खालून गरजला. "ताई? माझं ऐकणार? माझं?" त्याने पाइपावर दोन्ही हात ठेवले. मग कान लावला. हो, गटाराच्या पाइपाला कान लावला, हसा खुशाल. आत त्या बारीक धारेशिवाय काहीही नव्हतं. आई गेली त्या दिवशीही जिने कपडे धुणं सोडलं नाही, ती आज सोडते? एकटी बाई. अडुसष्ट वर्षांची. ओली फरशी, साबणाचं पाणी.

"ओढ मला वर," तो म्हणाला. "ओढ म्हणतो ना!"

"अहो मिस्त्री, पन्नास मिनिटं उरलीत!" मॅडमचा जीव टांगणीला.

पण मिस्त्री शिडीवरून असा वर आला, की त्या वयाच्या आणि त्या पोटाच्या माणसाने येऊ नये. पट्टा कमरेला, दोर मागे फरफटतोय, दोराच्या टोकाला रेडिओ. तीन पावलांत पायरी. दारावर मूठ आपटली.

"ताई! ए ताई!"

आत चिडीचूप.

"ताई, पडलीस का? ओ तरी दे!"

काही नाही. त्याने खिडकीतून पाहिलं, पडदा. त्याने कान दिला, तर आतून फक्त घड्याळाची टिकटिक. आता त्याचा धीर सुटला. तो रडायलाच लागला, खरं सांगायचं तर. चेहऱ्यावर आधीच इतकं काही होतं की कुणाच्या लक्षात आलं नाही. "पहार आण!" तो रेडिओवर ओरडला. रेडिओने, आयुष्यात पहिल्यांदा, एक शब्द न बोलता पहार आणली. दोन घावांत कडी तुटली, तिसऱ्यात दाराची फळी आत पडली, आणि मिस्त्री, गमबूट, पट्टा, दोर आणि रेडिओसकट, बहिणीच्या घरात घुसला. अकरा वर्षांनी.

ताई मोरीत बसली होती. छोट्या स्टुलावर, ताठ. समोर टब, टबात भिजवलेले कपडे, वरचा फेस केव्हाच बसून गेलेला. मोरीच्या भोकात फडक्याचा बोळा कोंबलेला. दोन्ही हात कोपरापर्यंत साबणाचे, मांडीवर ठेवलेले, आणि नजर भिंतीवरच्या घड्याळावर. तिने हळूच मान वळवली आणि त्याला नखशिखांत न्याहाळलं.

"बूट," ती म्हणाली.

मिस्त्री जागच्या जागी थिजला. मागे रेडिओ दोन पावलं दाराबाहेर गेला.

"ताई... तू ठीक आहेस?"

"दार मोडलंस?"

"मी हाका मारत होतो! ओ का दिली नाहीस?"

"मी तुझ्याशी बोलत नाही. माहीत नाही का तुला?"

"अगं मला वाटलं, तू मेलीस!"

"मेले असते तर दार उघडं ठेवून मेले असते. तुझ्यासारखं कुणी येऊन मोडेल म्हणून."

मिस्त्रीला हसावं की भिंतीवर डोकं आपटावं कळेना. "मग पाणी का नाही सोडलंस? अडीच वाजता?"

ताईने मान पुन्हा घड्याळाकडे फिरवली. "खाली तू होतास ना," ती म्हणाली.



"अगं मग तसं सांगायचं ना काल रेडिओला!"

"बोलत नाही म्हटलं ना!" ती कडाडली, आणि आवाज मधेच चिरकला. "दोन वाजल्यापासून साबणात हात घालून बसलेय. उठून चहासुद्धा ठेवला नाही, कप धुवावा लागेल म्हणून. पडद्याआडून रोज बघत होते, त्या दोन फूट भोकात उतरतोस, पोट केवढं, वय काय, अक्कल काय. आणि तू तिकडे पाइप कापायचा सोडून इथे माझी दारं मोडतोस? किती वाजले बघ! पोरं येतील आता शाळेतून. जा, काप तुझा तो मेला पाइप!"

"रडतेयस का?"

"साबण गेला डोळ्यात. जा!"

तो गेला. तीनला सात कमी होते. शिडी उतरून त्याने मशीन हातात घेतलं. पाइपाच्या दोन्ही अंगांना खडूने आखलेल्या रेघांवरून त्याने कटर चालवला. लाल धुरळा उडाला, वर मॅडम नाकाला रुमाल लावून घड्याळ बघत होत्या आणि रेडिओ दोर धरून दर मिनिटाला वेळ सांगत होता, न विचारता. एक बाजू. दुसरी बाजू. मग दोन्ही टोकं. तुकडा आत पडला तर लाइन तुंबणार आणि चार दिवसांची कमाई गटारात जाणार, म्हणून शेवटची दोन बोटं जागा त्याने मशीन ठेवून छिन्नीने तोडली, हळू. तुकडा सुटला. दोन्ही हातांत धरून त्याने तो उचलला आणि बाजूला टेकवला. खाली अर्धा पाइप उघडा, गुळगुळीत, आणि त्यातून ती बारीक धार तशीच निवांत चाललेली.

तीन वीस. "झालं!" तो वर ओरडला. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. कुणीतरी खरोखरच टाळ्या वाजवल्या. ऐकायला त्याची बायको तेवढी तिथे नव्हती, हे त्याचं दुर्दैव.

"वर या आता," मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांना पाणी सोडायला सांगते."

"थांबा मॅडम. आधी एक घर." मिस्त्री बाजूच्या तळावर पाय घेऊन बसला आणि मान वर करून जोरात ओरडला, "ताई! सोड!"

वर दाराला फळी नव्हती, त्यामुळे आवाज सरळ मोरीत गेला. मग बोळा निघाल्याचा आवाज, आणि लोंढा आला. पांढरा, फेसाळ, साबणाच्या त्याच जुन्या वासाचा, ज्या वासाचा शर्ट घालून तो चौथीत शाळेत गेला होता. त्याच्या समोरून, उघड्या पन्हाळीतून, थेंबभरही बाहेर न सांडता, तो पुढे निघून गेला. इतके दिवस पाइपाच्या बाहेरून ओळखलेलं तिचं पाणी त्याने पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

"बारक्या!" वरून हाक आली. दारातून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी. "पोचलं का रे?"



"पोचलं गं, ताई!"

"आणि काही सापडलं, तर वर धरून दाखवायचं नाही! गुपचूप खिशात घालायचं!"

अख्खी गल्ली हसली. मॅडमना कवळीचं काही माहीत नव्हतं, तरी त्याही हसल्या. मिस्त्री खाली एकटाच, बाहीने डोळे पुसत होता, आणि बाही कशाने भरली आहे याची त्याला शुद्ध नव्हती.

"ताई," तो ओरडला, "अजून पाच बादल्या राहिल्यात! सोड!"